चव दिसत नाही, चेहरा दिसतो

कीथ फ्लॉइड भर कार्यक्रमात आपल्या कॅमेरामनला दटावायचा. माझं तोंड काय दाखवतोस, पातेलं दाखव, असा एकूण सूर. क्लाइव्ह नावाचा तो कॅमेरामन मग निमूटपणे कॅमेरा खाली आणायचा. फ्लॉइडच्या हातात वाइनचा पेला असे. समोर कधी हेलकावणाऱ्या मासेमारी बोटीवरची शेगडी असे, तर कधी माळावर मांडलेलं तात्पुरतं स्वयंपाकघर. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बीबीसीवर ‘फ्लॉइड ऑन फिश’ आला. तोवर टीव्हीवरचा स्वयंपाक म्हणजे स्टुडिओतला चकचकीत ओटा आणि आधीच मोजून ठेवलेल्या वाट्या. फ्लॉइड आणि त्याचा निर्माता डेव्हिड प्रिचर्ड यांनी तो ओटा उचलून उघड्यावर नेला. आज जगभरच्या वाहिन्यांवर आणि मोबाइलवर जे खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम चोवीस तास चालू असतात, त्यांचं बरंचसं मूळ इथे सापडतं.

गंमत अशी की पातेलं दाखव म्हणून ओरडणारा फ्लॉइडच लोकांच्या लक्षात राहिला, पातेल्यात काय शिजत होतं ते फारसं कोणाला आठवत नाही. याला तो एकटा जबाबदार नाही, माध्यमाचीच ती अडचण आहे. पडद्यावर वास येत नाही, चव कळत नाही, कालवणात मीठ दुप्पट पडलं तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. म्हणून कोणीतरी जामीन राहावं लागतं. कोणाचा तरी चेहरा पाहून आपण ठरवतो की पदार्थ चांगला असणार. हा चेहरा खाणाऱ्या पाहुण्याचा असावा की रांधणाऱ्याचा, या एका निवडीवर गेल्या चाळीस वर्षांतल्या या कार्यक्रमांचं बरंवाईट बहुतेक ठरलं आहे.

स्टुडिओच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण रांधणारी आणि सांगणारी व्यक्ती एकच होती. बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर १९६३ पासून ज्युलिया चाइल्ड अमेरिकन गृहिणींना फ्रेंच स्वयंपाक शिकवत होत्या. १९८२ मध्ये मधुर जाफ्री यांनी बीबीसीवर इंग्रजांना भारतीय स्वयंपाक शिकवला. दोघींचा उद्देश सरळ होता: तुम्ही हे घरी करा. प्रवासाचे कार्यक्रम आले आणि तो उद्देश मागे पडला. प्रेक्षकाने आता रांधायचं नव्हतं, दुसऱ्याला खाताना पाहायचं होतं.

फ्लॉइडचा एक प्रसंग मात्र आजही पाहण्यासारखा आहे. १९८७ च्या ‘फ्लॉइड ऑन फ्रान्स’मध्ये तो बास्क प्रांतात जातो आणि तिथल्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात त्यांचाच पिपराद हा पदार्थ, म्हणजे मिरची-टोमॅटो घातलेली अंडी, करून त्यांनाच वाढतो. बाई एक घास घेतात आणि फ्रेंचमध्ये त्याचे वाभाडे काढतात. फ्लॉइड त्यांचा एकेक टोमणा इंग्रजीत करून प्रेक्षकांना सांगत राहतो. सूत्रधाराची अशी फजिती आजचा निर्माता संकलनात कापून टाकेल. फ्लॉइड-प्रिचर्ड जोडीने ती ठेवली, कारण त्या बाईंच्या कपाळावरच्या आठीतून पिपराद कसा असायला हवा ते नेमकं कळत होतं. पुढे प्रिचर्डने हाच बाज रिक स्टाइन या कॉर्नवॉलच्या शेफबरोबर चालू ठेवला. स्टाइन फ्लॉइडपेक्षा सौम्य, ऐकून घेणारा. २०१३ मध्ये तो भारतातही येऊन गेला.

या सगळ्या इतिहासात अँथनी बोर्डेनला वेगळं प्रकरण द्यावं लागतं. न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच धाटणीच्या रेस्टॉरंटचा हा शेफ २००० साली ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ या पुस्तकाने गाजला. ‘अ कुक्स टूर’ (२००२), ‘नो रिझर्व्हेशन्स’ (२००५ ते २०१२) आणि सीएनएनवरची ‘पार्ट्‌स अननोन’ (२०१३ ते २०१८) या त्याच्या तीन मालिका एकापाठोपाठ पाहिल्या, तर एक माणूस हळूहळू बोलायचा थांबून ऐकायला लागलेला दिसतो. सुरुवातीच्या भागांत तो सापाचं काळीज गिळून मर्दुमकी मिरवतो. शेवटच्या वर्षांत जेवण हे बहुतेक वेळा निमित्त असतं. समोरच्याचं घर कोणत्या युद्धात गेलं, त्याचा मुलगा कुठल्या शहरात राबतो, हे तो घासाघासाच्या मधे विचारत असतो.

हा बदल कुठे सुरू झाला ते दाखवता येतं. जुलै २००६ मध्ये बोर्डेन आणि त्याची मंडळी बैरूतमध्ये चित्रीकरण करत असताना इस्रायल-हिजबुल्ला युद्ध पेटलं. विमानतळावर बॉम्ब पडले, पथक हॉटेलात अडकलं, आणि अखेर अमेरिकी नौदलाच्या जहाजातून त्यांची सुटका झाली. लेबनॉनच्या खाण्यावरचा कार्यक्रम होऊ शकला नाही. जे दाखवलं गेलं ते हॉटेलच्या तरणतलावाजवळ बसून दूरच्या धुराकडे हताशपणे पाहणारे लोक. त्या भागाला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. खाद्यकार्यक्रमाला जेवणाशिवायही काहीतरी सांगता येतं, हे बोर्डेनला तिथे उमगलं असावं.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला प्रसंग मे २०१६ मधला. हनोईच्या एका साध्या खाणावळीत, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून तो आणि अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा बुन चा खात होते. भाजलेलं डुकराचं मांस, तांदळाच्या शेवया, पालेभाज्या, सोबत बियरच्या बाटल्या. बिल सहा डॉलर झालं, ते बोर्डेनने दिलं. दोन वर्षांनी मालकांनी ते टेबल, स्टूल आणि रिकाम्या बाटल्यांसकट काचेच्या पेटीत बंद केलं. खाण्याची जागा पाहण्याची जागा झाली. तिथे बुन चा कोण करतं, कसं करतं, हे त्या भागातून फारसं कळत नाही. दोन नामवंत खाणाऱ्यांपुढे रांधणारीला जागा उरली नव्हती.

स्वतःच्या धंद्यातली लबाडीही बोर्डेनने लपवली नाही. सिसिलीच्या भागात समुद्रात बुडी मारून ताजं सीफूड काढायचा बेत होता. तो पाण्यात उतरला, तर वर होडीतला एक माणूस बाजारातून आणलेले मेलेले ऑक्टोपस एकेक करून पाण्यात टाकत होता, ते ‘सापडावेत’ म्हणून. बोर्डेनने हा प्रकार आपल्या निवेदनातच उघड केला. त्यानंतर त्याला आलेली उद्विग्नताही त्या भागात आहे. खाद्यकार्यक्रमांत अशी सोय किती सर्रास होत असेल, याचा अंदाज प्रेक्षकाने बांधावा.

पाहुणा परत जातो, स्थानिक माणूस तिथेच राहतो. हा धोका २०१४ च्या इराण भागात उघडा पडला. बोर्डेनने तेहरानमध्ये वॉशिंग्टन पोस्टचे वार्ताहर जेसन रेझायन आणि त्यांच्या पत्रकार पत्नी येगानेह यांच्याशी गप्पा मारल्या. त्या भेटीनंतर काही आठवड्यांत दोघांना अटक झाली. अटकेचं कारण हा कार्यक्रम होता असं नव्हे, पण भाग प्रक्षेपित झाला तेव्हा रेझायन तुरुंगात होते, आणि सुटायला त्यांना जानेवारी २०१६ उजाडला. जून २०१८ मध्ये फ्रान्समध्ये चित्रीकरणाच्या दौऱ्यावर असतानाच बोर्डेनने आयुष्य संपवलं.

बोर्डेनच्याच काळात दुसऱ्या टोकाला अँड्र्यू झिमर्नचा ‘बिझार फूड्स’ चालू होता. विचित्र पदार्थ शोधायचे, तोंडात टाकायचे, डोळे विस्फारायचे. झिमर्न खाण्यात प्रामाणिक होता, अभ्यासूही होता, पण कार्यक्रमाची बैठकच अशी की समोरच्याचं रोजचं जेवण हा चमत्कार ठरतो. ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमसे २०१० मध्ये भारतात आला तेव्हा बस्तरमध्ये त्याला लाल मुंग्यांची चटणी मिळाली, तिकडे तिला चापडा म्हणतात. प्रेक्षकांना दिसला तो मुंग्यांपुढचा रॅमसे. झाडावरचं मुंग्यांचं घरटं कसं उतरवतात, चटणीत काय काय वाटतात, तापात ती औषध म्हणून का खातात, हा भाग खरा रंजक होता. ओडिशातल्या सिमिलीपालच्या अशाच काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यातल्या काही गोष्टी वर्तमानपत्रांतून कळल्या. रॅमसेच्या ‘अनचार्टेड’ या मालिकेची घोषणा २०१८ मध्ये झाली, तेव्हा ती पडद्यावर येण्याआधीच टीका सुरू झाली: गोरा शेफ परक्या मुलखात जाऊन तिथल्याच लोकांना त्यांचा स्वयंपाक शिकवणार का? मालिका आली ती थोडी नरमाईने, शेवटी स्थानिक लोकच त्याच्या स्वयंपाकाला गुण देत होते.

नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये ‘शेफ्स टेबल’ आणली आणि चित्र बदललं. दिग्दर्शक डेव्हिड गेल्ब याने आधी टोकियोच्या जिरो ओनो या सुशीवाल्यावर माहितीपट केला होता, त्याचाच हा विस्तार. इथे सूत्रधार नाही, पाहुणा नाही. शेफ स्वतः बोलतो, विवाल्डीचं संगीत वाजतं, आणि मंदगतीत सॉसचा थेंब ताटलीवर पडतो. आता चेहरा रांधणाऱ्याचा झाला, पण एका विशिष्ट रांधणाऱ्याचा: अवलिया, ध्यास घेतलेला, घरच्यांचा विरोध सोसून जगाला जिंकणारा. काही भागांनंतर ही कथा पाठ होते. भांडी घासणारे, भाजी चिरणारे पन्नास हात चौकटीबाहेर राहतात. तरीही याच मालिकेने दक्षिण कोरियातल्या बेक्यांग मठातल्या जंग क्वान या बौद्ध भिक्षुणीला जगापुढे आणलं. लसूण-कांदा वर्ज्य असलेला तिचा स्वयंपाक, वर्षानुवर्षं मुरलेला सोया सॉस, भाज्यांच्या वाफ्यातलं तिचं वावरणं आजही मालिकेतल्या सर्वोत्तम भागांत मोजलं जातं. २०१९ मध्ये लंडनच्या अस्मा खान यांच्यावर भाग आला. मूळच्या कोलकात्याच्या या बाईंच्या ‘दार्जिलिंग एक्सप्रेस’मध्ये स्वयंपाकघर पूर्णपणे बायकांच्या हाती आहे, आणि त्यातल्या कोणीही हॉटेल-शिक्षण घेतलेलं नाही. त्या बायकाही भागात दिसतात, हे विशेष.

गेल्बच्याच मंडळींनी २०१९ मध्ये ‘स्ट्रीट फूड’ काढली. पहिलाच भाग बँकॉकच्या जे फाय यांचा. डोळ्यांवर बर्फावरच्या खेळाडूंचा असतो तसा गॉगल लावून कोळशाच्या भट्टीवर खेकड्याचं आम्लेट तळणाऱ्या या वृद्ध बाईंना आधीच मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचा एक तारा मिळाला होता. तेव्हापासून दुकानाबाहेर रांगा लागल्या, जुनी गिऱ्हाइकं बाजूला पडली, लोक नुसते फोटो काढायला येऊ लागले. हा तारा परत करता आला तर बरं, असं त्यांनी मुलाखतीत बोलून दाखवलं. त्यात नेटफ्लिक्सची भर पडली. कॅमेरा निघून गेल्यावर खाणावळीचं काय होतं, हा विषय या कार्यक्रमांत कधीच येत नाही.

चीनमध्ये मात्र तो परिणाम मोजण्याइतका मोठा होता. मे २०१२ मध्ये सरकारी वाहिनीवर ‘अ बाइट ऑफ चायना’ लागली. दिग्दर्शक छन शियाओछिंग, सात भाग, सूत्रधार नाही. युनानच्या जंगलात पहाटे मात्सुताके अळंबी शोधणाऱ्या मायलेकी, हूबेच्या चिखलातून कमळाचे कंद उपसणारे मजूर, जीलिनमध्ये गोठलेल्या तळ्याखाली जाळी सोडणारे कोळी. कॅमेरा जेवणाच्या टेबलावर फार उशिरा पोचतो. आधी चिखल, थंडी, पाठ मोडणारी मेहनत, मग घास. रात्री मालिका संपली की प्रेक्षक ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या संकेतस्थळावर धाव घेत. युनानच्या नोदेंग गावातलं मिठात मुरवलेलं डुकराचं मांस पहिल्या भागानंतर धडाधड खपलं. जिन्नस मुळापासून दाखवण्याची ही रीत एवढी परिणामकारक ठरली.

पण सरकारी वाहिनीची मर्यादाही तिथेच दिसते. भेसळीच्या दूधपावडरीने बाळं दगावल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. गटारातून उपसलेलं तेल पुन्हा हॉटेलांत वापरलं जातं, अशा बातम्यांनी लोक धास्तावले होते. मालिकेत त्याचा उल्लेखही नाही. चिनी मध्यमवर्गाला ती इतकी का भावली, याचं एक उत्तर कदाचित यातच आहे. विश्वास उडालेल्या ताटावर तिने पुन्हा मायेचा हात फिरवला. नंतरच्या पर्वांत भावनांचा भर वाढला आणि जेवण कमी झालं, अशी तक्रार चिनी प्रेक्षकांनीच केली. २०१८ चं तिसरं पर्व तर त्यांनी झोडपून काढलं. तोवर छन सरकारी वाहिनी सोडून टेन्सेंट या इंटरनेट कंपनीसाठी नवी मालिका करत होते.

कोरियाने आणि जपानने आपापले रस्ते काढले. कोरियाच्या केबीएस वाहिनीवर २०११ पासून दर आठवड्याला ‘कोरियन माणसाचं ताट’ अशा अर्थाची मालिका चालू आहे. चे बुल-आम हा ज्येष्ठ अभिनेता चौदा वर्षं गावोगाव हिंडला, म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसला, किमची मुरवणाऱ्या सासू-सुनांचं ऐकत राहिला. तो आश्चर्याने ओरडत नसे, चवीवर व्याख्यान देत नसे. जपानच्या ‘कोदोकु नो गुरुमे’ने तर खाणाऱ्यालाच काल्पनिक केलं. मसायुकी कुसुमी आणि जिरो तानिगुची यांच्या ‘मांगा’वर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारलेल्या या मालिकेत गोरो नावाचा फिरता विक्रेता भुकेला होतो, गल्लीतल्या एखाद्या खाणावळीत शिरतो आणि एकटाच जेवतो. संवाद बहुतेक मनातल्या मनात. खाणावळी मात्र खऱ्या. भागाच्या शेवटी लेखक कुसुमी स्वतः त्या ठिकाणी जाऊन जेवतात आणि मालकाशी बोलतात. पाहुण्याचा गर्व कमी करायचा असेल तर त्याला पात्र बनवणं, हा उपाय पाश्चात्त्य वाहिन्यांना सुचलेला दिसत नाही.

अमेरिकेत २०२१ साली आलेल्या ‘हाय ऑन द हॉग’ने खाणारा आणि रांधणारा यांच्यातलं अंतरच मिटवलं. जेसिका हॅरिस यांच्या पुस्तकावर बेतलेल्या या मालिकेत स्टीफन सॅटरफील्ड हा कृष्णवर्णीय लेखक पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनला जातो. भेंडी, तांदूळ, यामचे कंद आणि गुलामांची जहाजं एकाच किनाऱ्याशी कशी जोडलेली आहेत, हे तो तिथल्या बाजारात उभा राहून पाहतो. थॉमस जेफरसनचा गुलाम जेम्स हेमिंग्ज पॅरिसमध्ये स्वयंपाक शिकला आणि मॅकरोनी-चीजसारखा पदार्थ अमेरिकेत रुजवण्यात त्याचा हात होता, हे कळल्यावर सुपरमार्केटमधल्या त्या निळ्या-पिवळ्या खोक्यांकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. बेनिनमधल्या वुइदाच्या किनाऱ्यावर हॅरिस यांच्यासमोर सॅटरफील्ड रडतो तेव्हा तो अभिनय वाटत नाही, कारण पाहुणा स्वतःच्याच घरी आला आहे.

भारतात या सगळ्याचा श्रीगणेशा स्टुडिओतच झाला. झी टीव्हीवर १९९३ मध्ये ‘खाना खजाना’ सुरू झाला. दिग्दर्शनाची सुरुवात हंसल मेहतांनी केली होती, पुढे सिनेमात नाव काढलेले तेच. संजीव कपूर घराघरांत पोचले. रस्त्यावर कॅमेरा नेण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात एनडीटीव्हीच्या वाहिन्यांना: विनोद दुआंचा ‘जायका इंडिया का’, आणि २००७ पासून रॉकी सिंग आणि मयूर शर्मा या जोडगोळीचा ‘हायवे ऑन माय प्लेट’. ढाबे, ट्रकवाले, हसतखिदळत ओरपलेली डाळ. मुंबईकर कुणाल विजयकर ‘द फूडी’मधून आपल्या तिरकस विनोदासकट खात फिरत होते. ‘एपिक’ वाहिनीने ‘राजा, रसोई और अन्य कहानियाँ’मधून राजघराण्यांचे भटारखाने देखणेपणाने दाखवले, पण नावाप्रमाणेच ती गोष्ट राजाची होती.

मराठी वाहिन्यांनी एक चमत्कारिक वाटणी करून ठेवली. मिलिंद गुणाजींच्या ‘भटकंती’ने गडकिल्ले, घाट, देवळं दाखवली. ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये प्रशांत दामलेंसारख्या हसऱ्या सूत्रधारासमोर ठिकठिकाणच्या बायका आपले पदार्थ करून दाखवत. म्हणजे फिरणं एका कार्यक्रमात, खाणं दुसऱ्यात. खवय्येमध्ये रांधणारीचा चेहरा आणि आवाज पुरेपूर होता, हे तेव्हाच्या परदेशी कार्यक्रमांना जमलं नव्हतं. पण तिचं गाव, तिची चूल, तिचं शेत मागे राहिलं होतं, ती रंगवलेल्या ओट्यापाशी आली होती.

परदेशी पथकं मुंबईत येतात. फिल रोझेंथल या विनोदी निर्मात्याच्या ‘समबडी फीड फिल’चा मुंबई भाग २०२४ मध्ये आला, त्याचा निरागस आनंद कोणालाही आवडेल असा. पण गिरणगावाच्या पोटाची गोष्ट अशा कार्यक्रमांत सहसा पोचत नाही. कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो गिरणी कामगारांना खोल्याखोल्यांतून जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका, त्यांचं सावकारी कर्ज, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ. एका शहराचा स्वयंपाक, स्थलांतर आणि संघटना यांची गाठ याहून घट्ट कुठे सापडेल? शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ २०१५ मध्ये आलं आणि मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होतं, टंचाईत मांस वाळवून चान्या कशा करत, हे पहिल्यांदाच इतक्या तपशिलाने नोंदलं गेलं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. मसाल्याच्या आणि तेलाच्या प्रायोजकांवर चालणाऱ्या वाहिनीला असं ताट चालत नाही, हे उघड आहे. जात दिसेल असा पदार्थ आपला खाद्यकार्यक्रम शिताफीने टाळतो आणि उरलेल्याला पारंपरिक म्हणतो.

ही कोंडी वाहिन्यांनी फोडली नाही, स्वस्त इंटरनेटने थोडीफार फोडली. बँकॉकमध्ये राहणाऱ्या मार्क वीन्ससारखे यूट्यूबवरचे खाणारे लोकप्रिय आहेतच, पहिला घास घेताच त्यांचे डोळे फिरतात. पण दुसऱ्या बाजूला सूत्रधार अजिबात नसलेले व्हिडिओ आले. चीनच्या सिचुआनमधली ली झीछी एक शब्द न बोलता सोयाबीन पेरते, काढते, दळते. आंध्रातल्या शंभरी ओलांडलेल्या मस्तानम्मा शेतात चूल मांडून रांधायच्या. मराठीत ‘गावरान एक खरी चव’सारख्या वाहिनीवर पाटा-वरवंटा, चुलीचा धूर आणि सासुरवाशिणींच्या साध्या गप्पा लाखो लोक पाहतात. यातही बनाव आहे. ली झीछीचं खेडं प्रत्यक्षातल्या खेड्यापेक्षा कितीतरी नीटनेटकं आहे, आणि २०२१ मध्ये तिचे व्हिडिओ सांभाळणाऱ्या कंपनीशी वाद झाल्यावर ती तीन वर्षं गप्प झाली, तेव्हा त्या शांत चुलीमागे केवढा व्यवसाय उभा होता ते जगाला कळलं.

तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या ‘व्हिलेज कुकिंग चॅनल’चं उदाहरण याहून मजेदार. पेरियतंबी नावाचे आजोबा, पूर्वी लग्नाकार्यांत आचारी, आणि त्यांचे नातू. २०१८ पासून हे सगळे शेतात भलीमोठी कढई मांडतात, एकेक जिन्नस हातात धरून त्याचं नाव मोठ्याने पुकारतात, आणि शंभर माणसांचं जेवण करून गावातल्या वृद्धांना वाढतात. जानेवारी २०२१ मध्ये राहुल गांधी त्यांच्या कार्यक्रमात आले. बाकीच्या कार्यक्रमांत पाहुणा घास घेऊन मत देतो, इथे त्यांना आधी कांद्याचं रायतं कालवायला बसवलं आणि मग चटईवर पंगतीत मशरूम बिर्याणी वाढली. त्याच वर्षी वाहिनीचे एक कोटी वर्गणीदार झाले. वर्षभराने कमल हासनच्या ‘विक्रम’ चित्रपटात लग्नाच्या जेवणाचा प्रसंग आला, तेव्हा कढईपाशी उभी होती ती हीच मंडळी.